टिकारामच्या पायाचा अंगठा

टिकाराम भुरे आयुष्यात किती वेळा मेला, हे त्याला विचारू नका. त्याला नेमकं सांगता येणार नाही, आणि सांगायला बसला तर तुमची संध्याकाळ जाईल. तो तलवारीनं मेला, विषानं मेला, विहिरीत ढकलल्यानं मेला, आणि एका नाटकात तर नुसती वाईट बातमी ऐकून उभ्या उभ्या मेला. दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा पाळणे, जिलेबी, लेकी-जावई, आणि अंधार पडला की मांडवात झाडीपट्टीचं नाटक. पवनीपासून साकोलीपर्यंत कुठल्याही नाटकात दुसऱ्या अंकात कोणाला मारायचं असलं, की मंडळाचा माणूस टिकारामच्या दारात येऊन चहाला बसायचा. नायकाला उंची लागते, खलनायकाला आवाज लागतो. टिकारामजवळ दोन्ही नव्हतं. मरायची हौस मात्र दांडगी होती.

आणि मरायचा तरी कसा! साधा चाकू लागला तरी हा बाबा आधी पडायचा, मग उठायचा, पडद्याला लोंबकळायचा, लेकरांना आशीर्वाद द्यायचा, वैऱ्याला शिव्याशाप द्यायचा, पाणी मागायचा आणि पाणी आलं की तोंड फिरवायचा. प्रॉम्प्टर पुस्तक मिटून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसायचा, कारण यातलं एक अक्षर पुस्तकात नसायचं. लोक 'वन्स मोर' ओरडले की टिकाराम धूळ झटकून उठायचा आणि पुन्हा पहिल्यापासून मरायचा. एकोडीच्या मंडईत खलनायक एवढा वैतागला, की त्यानं आपल्या मनानंच आणखी एक वार केला. टिकारामनं लगेच त्या दुसऱ्या जखमेचं वेगळं मरण काढलं. पुढं तिसऱ्या अंकात काय होतं, न्याय कोणाला मिळतो, लग्न कोणाचं लागतं, हे टिकारामला कधीच कळलं नाही. मेल्यावर तो मांडवामागं जाऊन भात खायचा.

"दर हिवाळ्यात माहं कुंकू पुसते," त्याची बायको कुंताबाई शेजारणीला सांगायची, "अन् दर सकाळी ह्याच माणसाले चहा लागते. देवानं नवरा तरी कसा देल्ला पाहा."

टीना, त्यांची एकुलती एक पोरगी, लहान असताना पहिल्यांदा मांडवात पुढं बसली. बापाच्या छातीत तलवार घुसली आणि पोरगी हातातल्या जिलेबीसकट स्टेजवर धावली. प्रेताच्या छातीवर बसून तिनं असा गळा काढला, की सगळा मांडव रडला, खलनायकसुद्धा रडला, आणि नाटक तिथंच आटोपावं लागलं. दुसऱ्या दिवशी टिकारामनं पोरीला मांडीवर घेऊन करार केला.

"मी मेलो का नाही, तू माह्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडे पाह्यजो. अंगठा हालला का समजजो, बाप जित्ता आहे. मंग खुशाल जिलेबी खाजो."

तेव्हापासून टिकारामचं प्रेत अंगठा हलवायला लागलं. दिग्दर्शक बोंबलायचे, पण पुढच्या रांगेतले लोक तेवढ्यासाठीच पुढं बसायचे. टीना मोठी झाली, कॉलेजात गेली, नाटकाला येईनाशी झाली, तरी अंगठा हलतच राहिला. सवय ती सवय.

टिकारामचं जुनं गाव गोसीखुर्दच्या धरणात गेलं. नवं मिळालं त्याला सगळे नुसतं 'पुनर्वसन' म्हणतात. सरळ रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट, आणि सावलीच्या नावानं बोंब. एक गाव गिळून वैनगंगेचं पोट भरलं नसावं. महापुराच्या साली ती नव्या गावाचाही पत्ता काढत आली. भुरे कुटुंब बाकीच्यांसोबत शाळेच्या गच्चीवर चढून बसलं. मग बोट आली, आणि त्या बोटीत केशरी जॅकेट घातलेली एक पोरगी होती, टीनाच्याच वयाची. तिनं टीनाला हात दिला आणि आत ओढून घेतलं. पाणी उतरल्यावर लोक वाहून गेलेल्या धानाबद्दल बोलत होते, भिंतींबद्दल बोलत होते. टीनाचं एकच सुरू होतं.

"आई, तिनं मले एका हातानं ओढलं. एका हातानं!"

पोरगी बी.ए. झाली, स्थळं यायला लागली. ती म्हणाली, आधी बोट, मग नवरा. कुंताबाईनं कपाळावर हात मारला. आणि एक दिवस खरंच खबर आली, की पुरात माणसं वाचवायला जिल्ह्यात पोरापोरींची पथकं तयार होणार आहेत आणि त्यांचं शिबिर पुनर्वसनच्याच शाळेत आहे. पहिलं नाव टीना भुरेचं लागलं.

शिकवायला नागपूरहून अनुप सर आले. अंगात जिकडे तिकडे खिसे असलेली पँट, आणि सोबत पेटीभर काळे चष्मे. चष्मे कसले, डोळ्यांवर बांधायचे डबेच ते. डबा बांधला की आत पूर दिसायचा. घरं बुडताहेत, माणसं वाहताहेत, आणि हातातल्या दांड्यानं दोर फेकून त्यांना ओढायचं. माणूस वाचला की टुंग वाजायचं आणि गुण मिळायचे. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र शाळेच्या हॉलमध्ये दहा-बारा पोरं आंधळ्यासारखी हवेत हात मारताना दिसायची. खिडकीशी गर्दी करून गाव हसून हसून बेजार झालं. टीना सगळ्यांत भारी निघाली. तिच्या डब्यातलं टुंग थांबतच नव्हतं.

टिकाराम पोरीचा डबा, म्हणजे जेवणाचा, घेऊन गेला आणि तिथंच रमला. मला पण दाखवा म्हणून मागं लागला. अनुप सरांनी बांधला चष्मा. दोन मिनिटं टिकाराम मान इकडे तिकडे फिरवत राहिला, आणि मग त्याचा पारा चढला.

"हे काय जी? वैनगंगा कधी एवढी निळी राह्यते का? अन् हा माणूस पाहा. बुडून राहिला, अन् चेहरा असा, जसा पवनीच्या स्टँडवर बसची वाट पाहून राहिला! ओरडत नाही, हात मारत नाही, मायले आठवत नाही. याले कोण वाचवन? मी तं नाही वाचवत."

पोरं फिदीफिदी हसली. टीनानं मान खाली घातली. अनुप सर मात्र विचारात पडले.

"काका, बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "चष्म्यातली माणसं फार शहाण्यासारखी बुडतात. म्हणूनच पुढची परीक्षा नदीच्या घाटावर आहे, खरी माणसं घेऊन. नाव उलटलीय, माणसं जखमी होऊन पडलीत, असा खोटा खोटा प्रसंग. जखमी व्हायला गावातले लोक पाहिजेत. याल का?"

हे विचारणं म्हणजे भुकेल्याला जेवतोस का विचारणं. टिकारामनं चष्मा काढला, केस सारखे केले आणि म्हणाला, "मी आहो ना जी."

परीक्षेचा नियम अनुप सरांनी सगळ्यांना समजावला. चार रंगांच्या फिती. पथकातला एक जण सगळ्यांत पुढं जाणार आणि पडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर फीत बांधत सुटणार. चालता येतं त्याला हिरवी. थोडं थांबू शकतो त्याला पिवळी. लगेच उचलला नाही तर मरेल त्याला लाल. आणि जो गेलाच आहे त्याला काळी. काळी बांधली की तिथं थांबायचं नाही, रडायचं नाही, पुढच्याकडं जायचं. लाल फितीचा माणूस हातचा गेला की पथक नापास. संधी दोनच. फिती बांधायचं काम टीनाकडं होतं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ गावानं घातला. टिकाराम सोमवारी घाटावर मरणार, अशी खबर आजूबाजूच्या गावांत पोचली. खबर नेमकी कोणी पसरवली हे मी सांगत नाही, पण त्या आठवड्यात टिकारामची सायकल बरीच फिरली. सोमवारी घाटावर माणसं ताडपत्र्या घेऊन आली. भज्यांची गाडी आली, फुगेवाला आला. दोन घरांनी तर जावई बोलावून घेतले, कारण मंडई म्हटली की जावई पाहिजेच. अनुप सर जीपमधून उतरले आणि समोरची जत्रा पाहून त्यांनी हातातली शिट्टी खिशात टाकली. मग पुन्हा काढली.

"राहू द्या," ते म्हणाले. "खऱ्या पुरातही बघे येतातच."

जखमींच्या गळ्यात एकेक कार्ड अडकवलं, आत दुखणं लिहिलेलं. टिकारामनं आपलं उघडून पाहिलं: पाय मुरगळला, चालू शकतो, हिरवी फीत.

"मुरगळला?" टिकाराम गरजला. "जी, एवढ्या वर्षांत माहा पाय एकदाही मुरगळला नाही. मी डायरेक्ट मरतो."

"काका, आज फक्त मुरगळायचा."

आणि किराणा दुकानवाल्या परसरामला लाल! छातीला मार, श्वास अडकलाय. त्याच्या शर्टावर लाल रंग ओतला होता आणि तो तोंडात खर्रा धरून जावयांना दाखवत फिरत होता. ज्या माणसाला धड शिंकता येत नाही, त्याला छातीचा मार, आणि आपल्याला घोटा. टिकारामच्या जिव्हारी लागलं. तो पाय धरून पायरीवर बसला, पण तोंड पाहण्यासारखं झालं होतं.

शिट्टी झाली. टीना परीक्षेपुरतं मिळालेल्या केशरी जॅकेटात पुढं आली, अगदी चढ्या आवाजात ओरडली, "ज्याले चालता येते त्यानं त्या पिंपळाखाली या!" चार-पाच हिरवे उठले आणि हसत हसत निघाले. टिकारामही उठला. दोन पावलं लंगडलाही, आणि छान लंगडला. तेवढ्यात ताडपत्रीवरून आवाज आला.

"हे काय गा, टिकारामभाऊ? जावई आणला आहे एकोडीहून!"

"मर ना गा!" दुसरा ओरडला.

मग सगळा घाटच ओरडायला लागला. टिकाराम थांबला. एवढी गर्दी त्याला कुठल्या मांडवात मिळाली नव्हती, आणि मागं खरीखुरी नदी. माणसाच्या अंगात येतं तसं त्याच्या अंगात मरण आलं. त्यानं छातीवर हात दाबला, गरकन फिरला, गुडघ्यावर आला.

"बाबा, उठा," टीना दातओठ खात म्हणाली. "तुमी हिरवे आहा. पिंपळाखाली जा."

टिकारामनं तिचं मनगट धरलं. "पोरी... आता भेट नाही..." मग त्यानं नदीला नमस्कार केला, बुडालेल्या गावाची माफी मागितली, पाणी मागितलं. बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. शेवटी त्याचे डोळे पांढरे झाले, मान कलंडली, आणि तो निपचित पडला. पोरीचं मनगट मात्र घट्ट धरलेलं.

टीनानं त्याच्या डाव्या पायाकडं पाहिलं. अंगठा हलला नाही.

तिनं पुन्हा पाहिलं. टिकाराम आता साठीचा. साखर आहे, बीपी आहे, गोळ्या घ्यायला सांगाव्या लागतात. टीना खाली बसली, छातीला कान लावला, हाका मारायला लागली. नियम गेले, फिती गेल्या. पलीकडं परसराम बिचारा लाल शर्टात प्रामाणिकपणे पडून होता आणि आपली पाळी कधी येते याची वाट पाहत होता. ती आलीच नाही. शिट्टी वाजली. अनुप सरांनी परसरामचा हात उचलून सोडून दिला.

"हा गेला," ते म्हणाले. "हिरव्या पेशंटपाशी बसून राहिलात आणि लाल मेला. टीम नापास."

"मी मेलो?" परसराम उठून बसला. "अजून मी सुरूच नाही केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला, 'वन्स मोर' झाला. टिकाराम हात जोडत उठला आणि पोरीकडं बघून हसला. टीनाचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू जागीच विरलं.

त्यानंतर परसराम रोज दुकानातून ओरडायचा, "तुह्यामुळं मी मेलो, टिकाराम! मले लेकरंबाळं आहेत!" ते परवडलं. घरचं परवडेना. कुंताबाईनं त्याच्यापुढं ताट आदळलं.

"जेवा. मेलेल्या माणसाले लय भूक लागते. पोरीच्या जन्माचं वाटोळं करून दोन टाळ्या भेटल्या, त्या तोंडी लावा."

टीना बापाशी बोलेना. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती स्वतःच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. टिकारामला वाटलं, आता शिव्या देईल. त्यानं तयारीसुद्धा केली होती.

"तुमी अंगठा काहून नाही हालवला?" ती म्हणाली. "मी पाहून राहिली होती. मले वाटलं, तुमी खरंच गेले." आणि ती रडायला लागली.

टिकारामनं आपल्या पायाकडं पाहिलं. अंगठा. तो विसरला होता. गर्दीच्या नादात साफ विसरला होता. लाज वाटली त्याला, मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि हे मरण काही नाटकातलं नव्हतं. त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुह्या गळ्याची शपथ. आता काही होवो, आभाळ कोसळो, अंगठा हालवीनच."

दुसऱ्या परीक्षेचा दिवस जवळ आला तशी कुंताबाई स्वतः अनुप सरांकडं गेली. "सर, ह्या माणसाले मी घरी खाटेले बांधून ठेवते. दुसरे घ्या."

"नाही काकू," अनुप सर म्हणाले. "चष्म्यात अनोळखी माणसं बुडतात. इथल्या पुरात जो पडेल तो कोणाचा तरी बापच असणार. तिला ते जमलं पाहिजे. काकाच पाहिजेत मला."

कुंताबाई घरी येऊन म्हणाली, "सरही तुमच्यासारखाच आहे. डोक्यानं गेला."

घाटावर या वेळी आधीपेक्षा दुप्पट ताडपत्र्या. टीना लांब पथकासोबत उभी. टिकारामनं गळ्यातलं कार्ड उघडलं: श्वास नाही, नाडी नाही. काळी फीत.

"जी..." टिकारामनं कार्ड सरांपुढं धरलं. "हे तं मरणं आहे."

"तुमचाच रोल," अनुप सर म्हणाले. "पण संवाद नाही. पडून राहायचं. मेलेला हलला म्हणजे जिवंत, आणि जिवंत माणसाला तिनं काळी बांधली म्हणजे चूक. तुमचं काहीही हललं तर तिची टीम बाद, आणि ही शेवटची संधी. तिला आधी काही सांगायचं नाही."

"अंगठा?"

"कोणता अंगठा?"

"डावा."

"कोणताच नाही, काका."

झालं. उभ्या आयुष्यात मरायला मागं न सरलेला टिकाराम त्या दिवशी पहिल्यांदा घाबरला. शपथ मोडली तर पोरगी पुन्हा कोलमडणार, पाळली तर नापास होणार. पळून जावं असंही त्याच्या मनात आलं. तो तापलेल्या पायरीवर आडवा झाला आणि हळूच डाव्या पायावर खांद्यावरचा दुपट्टा ओढून घेतला. अनुप सरांनी तो काढून घेतला.

"मेलेला माणूस पाय झाकत नाही."

शिट्टी झाली. टिकारामनं डोळे मिटले. टीनाची हाक आली, हिरवे पिंपळाखाली धावले. या वेळी परसराम हिरवा होता, आणि तो असा सुसाट पळाला की कोणाला नियम बदलायची संधीच मिळू नये. मग बुटांचा आवाज जवळ आला आणि थांबला. टीनानं त्याची मान वर केली, नाकाशी गाल आणला. टिकारामनं श्वास कोंडला. कार्ड उघडल्याचा आवाज झाला. त्यानंतर काहीच नाही.

ती पायाकडं बघत होती. डोळे मिटलेले असूनही टिकारामला ते कळत होतं.

"टिकारामभाऊ, बोला काही!" ताडपत्र्यांवरून आरडाओरडा सुरू झाला. "पाणी मागा! जावई उठून चालला!"

आणि त्याच वेळी एक मुंगळा डाव्या पायावर चढला. घोट्यावरून खाली आला, अंगठ्याशी पोचला, नखाभोवती फिरला. सगळा पाय शिवशिवत होता.

"बाबा," टीना अगदी हळू म्हणाली. हे काही परीक्षेत नव्हतं.

हलव, त्याचं मन म्हणालं. एवढुसा हलव. कोणाला दिसणार आहे? पोरगी तुझी आहे, शपथ तिच्या गळ्याची आहे. टिकारामनं दात आवळले. मुंगळा चावला. अंगठा हलला नाही.

मनगटावर फीत आली. गाठ एकदा सुटली, टीनानं पुन्हा मारली. हातावर काहीतरी ओलं पडलं. मग बूट उठले आणि गेले.

"लाल! इकडे लाल आहे! स्ट्रेचर आणा, लवकर!"

आवाज लांबून येत होता. घरात "आई, माही ओढणी कुठी आहे" म्हणणारा आवाज नव्हता तो. टिकारामला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. गेली. बापाला टाकून गेली. थांबली नाही. आणि लगेच त्याला एवढा आनंद झाला, की उठून सगळ्या घाटाला ओरडून सांगावं: पाहा रे, माही पोरगी थांबली नाही! पण तो मेलेला होता. ताडपत्र्यांवरचा गलकाही आता थांबला होता. लोकांच्या माना स्ट्रेचरकडं वळल्या होत्या, फिती संपवून लाल फितीच्या बाईला उचलून बोटीकडं धावणाऱ्या टीनाकडं. टिकाराम मरत असताना गर्दीनं दुसरीकडं पाहिल्याची ही पहिलीच वेळ.

शेवटची शिट्टी झाली. "टीम पास!" अनुप सर ओरडले. टाळ्या पडल्या, पडलेले सगळे उठले, कपडे झटकायला लागले. टिकाराम तसाच पडून होता. मेलेल्याला ऊठ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्याला उठायचा धीर होत नव्हता.

बूट धावत आले. सरांपाशी थांबले नाहीत, मैत्रिणींपाशी थांबले नाहीत. टीना त्याच्या उशाशी नाही, पायाशी येऊन बसली आणि डाव्या पायाचा अंगठा तिनं मुठीत घट्ट धरला.

"हालवा," ती म्हणाली. "बाबा, आता हालवा."

टिकारामनं हलवला.

टीनानं भोकाड पसरलं. लहानपणी स्टेजवर पसरलं होतं तसंच, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं. रडता रडता बापाच्या पोटरीवर बुक्क्या मारायला लागली. मागून कोणीतरी समाधानानं म्हणालं, "हाव, आता जमलं नाटक." परसराम पिंपळाखालून ओरडला, "मी जित्ता आहो बरं का!"

कुंताबाई गर्दीतून वाट काढत आली. डोळे तिचेही लाल होते, पण तोंड तेच.

"मेले ना? झालं ना समाधान? चला आता. तिकडे पोरांले जॅकेटं अन् बिल्ले देऊन राहिले, तिथी तुमचं काम नाही. जीपच्या मांगं भात ठेवला आहे, खाऊन घ्या."

टिकाराम उठून बसला. मनगटावर काळी फीत होती, ती त्यानं सोडली नाही. अनुप सर नावं पुकारत होते, टीना डोळे पुसत त्या रांगेत जाऊन उभी राहिली होती.

"भात राहू दे," तो म्हणाला. "आज तिसरा अंक पाहाचा आहे."